लग्नाच्या फोटोंवर एआय वापरताना या चुका टाळा

फोटोंची निवड, रंगदुरुस्ती आणि नॉइज (कमी प्रकाशातल्या फोटोंवर दिसणारे दाणेदार ठिपके) कमी करणे ही एकेकाळी आठवडे खाणारी कामे आता एआयमुळे काही तासांत होतात, आणि लग्नसराईत एकामागून एक कामे घेणाऱ्या फोटोग्राफरने ही साधने वापरायलाच हवीत, असे माझे मत आहे. मात्र अल्बम हाती आल्यावर घरच्यांच्या ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा कष्टाबरोबर निर्णयही सॉफ्टवेअरवर सोपवल्यामुळे उद्भवतात.

निवडीचे निकष न तपासणे

सिलेक्शन करणारी सॉफ्टवेअरे धूसर फोटो, मिटलेले डोळे आणि एकसारख्या फ्रेम हेरून बाजूला काढतात. स्टेजवरच्या ग्रुप फोटोंसाठी हे निकष योग्य आहेत. विधींसाठी ते घातक ठरतात. मंगलाष्टके चालू असताना वधूचे डोळे मिटलेले असतात, अंतरपाटामुळे चेहरा अर्धाच दिसतो, कन्यादानाच्या वेळी वडिलांची मान खाली असते, अक्षता उडतात तेव्हा फोकस कधी हवेतल्या दाण्यांवर जातो आणि पाठवणीला तर रडून विस्कटलेले चेहरेच टिपायचे असतात. घरच्यांना वर्षानुवर्षे पाहावेसे वाटणारे हे क्षण सॉफ्टवेअरच्या लेखी नापास ठरतात, कारण त्या क्षणी काय घडत होते हे त्याला ठाऊक नसते. तिथे उभ्या असलेल्या फोटोग्राफरला ते ठाऊक असते.

म्हणून सॉफ्टवेअरला फोटो देण्याआधी ते विधींनुसार वेगळ्या फोल्डरमध्ये लावावेत. ग्रुप फोटो आणि स्वागत समारंभाची निवड त्याच्याकडून करून घ्यावी. मंगलाष्टके, कन्यादान, सप्तपदी आणि पाठवणीची निवड स्वतः करावी. बाजूला पडलेले फोटो एकदा तरी नजरेखालून घालावेत आणि अल्बम मंजूर होईपर्यंत मूळ फाइली पुसू नयेत.

सर्व फोटोंना एकच ऑटो दुरुस्ती लावणे

हळदीच्या फोटोंतला पिवळा रंग ऑटो व्हाइट बॅलन्सला (रंगांचा समतोल आपोआप साधणाऱ्या दुरुस्तीला) दोष वाटतो आणि तो काढण्याच्या नादात हळद फिकी व चेहरे निळसर होतात. होमाचा धूर धुके समजून पुसला जातो. त्वचा ‘सुधारणाऱ्या’ साधनांनी सावळा चेहरा परस्पर उजळवला, तर ती मला केवळ तांत्रिक चूक वाटत नाही, त्या माणसाचा तो अवमान आहे. मुंडावळ्यांचे मणी गालात विरघळले असतील किंवा नथीचा मोती ओठाला चिकटलेला दिसत असेल, तर त्या भागावरून मास्क (दुरुस्ती कुठे लागू व्हावी हे ठरवणारी निवड) काढून टाकावा, परिणामाची मात्रा उतरवावी आणि प्रत्येक प्रकाशयोजनेतला किमान एक चेहरा शंभर टक्के झूमवर तपासावा.

नॉइज शेवटी काढणे

लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ साली आलेले नॉइज काढणारे साधन, एआय डिनॉइज, मास्क लावण्याच्या आणि डाग काढण्याच्या आधी वापरावे. चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसू लागले, तर मात्रा कमी करावी. साडीच्या जरीत थोडा नॉइज राहिला तरी चालतो. जरीचे विणकाम गेले तर ते परत येत नाही.

जे घडले नाही ते फोटोत भरणे

फोटोशॉपमधल्या जनरेटिव्ह फिलने (निवडलेला भाग एआयने नव्याने भरणाऱ्या साधनाने) मंडपाची लोंबणारी वायर काढण्यात गैर काहीच नाही. मोठा भाग एकदम भरल्यावर तिथला तपशील मऊ दिसत असेल, तर लहान तुकडे निवडून भरावेत. चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र फार जपावे. मागच्या रांगेतला अस्पष्ट चेहरा एआयने मोठा केला, की सॉफ्टवेअर नाक-डोळे अंदाजाने रचते आणि आत्याच्या जागी भलतीच बाई दिसू लागते. असा चेहरा अस्पष्टच ठेवावा. दिवंगत आजोबांना फोटोत आणण्याची मागणी अनेक घरांतून येते. त्यामागची भावना खरी असते आणि ते काम जरूर करावे. पण घरच्यांचा जुना फोटो वापरावा, चेहरा यंत्राकडून रचून घेऊ नये आणि अल्बममध्ये त्या पानावर तशी नोंद द्यावी. असे फोटो स्पर्धेला पाठवण्यापूर्वी नियम वाचावेत, कारण वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत एआयने भरलेला भाग चालत नाही.

परवानगीचा विषय न काढणे

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काम देणाऱ्याकडे जातो. त्यामुळे यजमानांचे फोटो ऑनलाइन एआय सेवेवर चढवण्याआधी त्यांची लेखी संमती घ्यावी. फोटो कोणत्या सेवेकडे जाणार, तिथे किती दिवस राहणार, ते एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाणार का आणि चेहरा ओळखून पाहुण्यांना फोटो वाटताना लहान मुलांचे फोटो वगळायचे का, हे चारही मुद्दे आगाऊ रक्कम घेतानाच करारात लिहावेत.