बाळंतिणीवर घरच्यांनी लक्ष कसे ठेवावे: पहिले सहा आठवडे

बाळ घरी आले की सगळ्यांचे डोळे बाळाकडे लागतात आणि बाळंतिणीच्या तक्रारींची ‘थकवा असेल’ एवढ्यावर बोळवण होते. प्रसूतीनंतरचे गंभीर आजार मात्र पुष्कळदा अशाच साध्या वाटणाऱ्या तक्रारींतून डोके वर काढतात. म्हणून रुग्णालयातून घरी येण्यापूर्वीच रोजच्या विचारपुशीची जबाबदारी घरातील एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवावी. ‘बरी आहेस ना?’ या प्रश्नाला बहुधा ‘हो’ असेच उत्तर मिळते; त्यापेक्षा डोके दुखते का, किती पॅड बदलले, लघवीला जळजळ होते का, एखादा पाय सुजला आहे का, झोप लागते का, असे नेमके प्रश्न विचारावेत.

रक्तस्रावाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. प्रसूतीनंतर काही आठवडे अंगावरून जाणे स्वाभाविक आहे, परंतु त्याचा लाल रंग हळूहळू फिकट गुलाबी किंवा तपकिरी आणि पुढे पिवळसर-पांढरा होत जायला हवा. कमी झालेला स्राव पुन्हा लालभडक होऊन वाढू लागला, तर वारेचा तुकडा गर्भाशयात राहिला असण्याची किंवा संसर्ग झाला असण्याची शक्यता असते. ‘खूप जाते आहे’ असा अंदाज बांधत न बसता पॅड भिजायला किती वेळ लागतो हे घड्याळात पाहावे. तासाभरात पूर्ण पॅड भिजत असेल, अंड्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडत असतील, घेरी येत असेल किंवा अंग थंडगार पडत असेल, तर तिला आडवे झोपवून अंगावर पांघरूण घालावे आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.

रक्तदाबाबाबत एक गैरसमज फार घातक ठरतो: गरोदरपणात तो ठीक होता, म्हणून आता काळजी नाही. प्रसूतीनंतरही, विशेषतः पहिल्या आठवड्यात, तो प्रथमच वाढू शकतो. घरी यंत्र असल्यास बाळंतिणीला 5 मिनिटे शांत बसू द्यावे, पाठीला आधार आणि पाय जमिनीला टेकलेले असावेत, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून पट्टा उघड्या दंडावर बांधावा. आकडा 140/90 किंवा त्याहून अधिक आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. 160/110 च्या घरात गेला तर वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणारे ठिपके, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, यांपैकी काही असल्यास यंत्राची वाट पाहूच नये. आकडीचा (फिटचा) झटका आल्यास तिला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि रुग्णवाहिका बोलवावी.

ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 अंश फॅरेनहाइट, किंवा त्याहून जास्त असेल, स्रावाला दुर्गंधी येत असेल किंवा टाक्यांतून पू येत असेल, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर ती चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे हे ती गुठळी फुप्फुसात गेल्याचे लक्षण असू शकते, तेव्हा क्षणाचाही विलंब नको.

मनाच्या आजाराविषयी बोलायला घरे कचरतात, आणि याचेच मला सर्वाधिक वाईट वाटते. पहिल्या काही दिवसांतील रडू बहुतेकींच्या बाबतीत दोन आठवड्यांच्या आत ओसरते. उदासी त्यापुढेही टिकली तर तो उपचाराने बरा होणारा आजार आहे. त्यात तिचा काहीही दोष नाही. मात्र तिला भास होऊ लागले, झोपेची गरजच वाटेनाशी झाली किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार ती बोलून दाखवू लागली, तर तिला एकटे सोडू नये, बाळाजवळ दुसरे कुणीतरी सतत असावे आणि त्याच वेळी डॉक्टरांकडे जावे.

कोणत्याही कारणाने दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य ‘प्रसूती होऊन इतके दिवस झाले आहेत’ हेच असावे, कारण तपासणाऱ्याला ते ठाऊक नसले तर विचाराची दिशाच चुकू शकते. प्रसूतीची तारीख व प्रकार, रक्तगट, चालू औषधे आणि रक्तदाबाचे आकडे एका कागदावर लिहून तो दाराजवळच्या पिशवीत ठेवावा, म्हणजे रात्री घाईत निघावे लागले तरी तो हाताशी असेल.