अमेरिकेत कॉलेजच्या क्रीडा विभागात काम मिळालंय? आधी सट्ट्याचा नियम समजून घ्या

मास्टर्ससाठी अमेरिकेत येणाऱ्या आपल्या मुलांना कॅम्पसवरची नोकरी म्हटलं की कँटीन, लायब्ररी आणि प्राध्यापकांची असिस्टंटशिप एवढंच आठवतं. क्रीडा विभाग कुणाच्या डोक्यातच येत नाही. तिथे तर कामांचा नुसता ढीग असतो. खेळाडूंना गणित-संख्याशास्त्र शिकवायला ट्यूटर लागतात, सामन्यांची आकडेवारी ठेवायला माणसं लागतात, सरावाचे व्हिडिओ कापायला लागतात, फिजिओच्या खोलीत हाताखाली लागतात. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि त्यात हे काम बसतं. मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात मी ट्यूटर म्हणून शिरलो, नंतर त्याच विभागात डेटाचं काम करू लागलो. पगार बेताचा, पण मजा होती.

पहिल्या आठवड्यात कंप्लायन्स ऑफिसवाले, म्हणजे नियम पाळले जातायत ना हे बघणारे, सह्यांसाठी कागद पुढे करतात. त्यातला एक सट्ट्याबद्दलचा असतो. बहुतेक मुलं तो न वाचता सही करतात. ‘मी कुठे खेळाडू आहे?’ असं त्यांना वाटतं. मला आजवर भेटलेल्या प्रत्येक नव्या ट्यूटरचा हाच समज होता.

नियम एनसीएएचा आहे. अमेरिकेतल्या सुमारे ११०० कॉलेजांचे खेळ आणि पाच लाखांहून जास्त विद्यार्थी-खेळाडू या संस्थेच्या छत्राखाली येतात. तिच्या नियमपुस्तकातल्या १०.३ क्रमांकाच्या कलमात खेळाडू आहेत, प्रशिक्षक आहेत, क्रीडा विभागाचे कर्मचारी आहेत आणि त्या विभागाशी कामाचा संबंध येणारे इतर कर्मचारीही आहेत. ट्यूटर, व्हिडिओवाले, संघाचे विद्यार्थी मॅनेजर यांनाही विद्यापीठं सहसा यातच धरतात. बंदी फक्त आपल्या संघावर पैसे लावण्यापुरती नाही. एनसीएए ज्या खेळाची अजिंक्यपद स्पर्धा भरवते, तो खेळ कुठल्याही पातळीवर चालू असो, त्यावर पैसे लावायचे नाहीत. म्हणजे एनबीएचं व्यावसायिक बास्केटबॉल नाही, एनएफएलचं अमेरिकन फुटबॉल नाही, विम्बल्डन नाही, फुटबॉलचा वर्ल्ड कपही नाही. राज्याच्या कायद्याने बेटिंग उघडउघड चालतं आणि तुमचं वय २१ पूर्ण आहे, या दोन्ही गोष्टी इथे निरुपयोगी.

हा घोळ होण्याचं कारण कायद्यात आहे. १९९२च्या एका केंद्रीय कायद्यामुळे नेव्हाडा सोडलं तर देशात जवळजवळ कुठेच खेळांवर कायदेशीर सट्टा नव्हता. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि आज तीसहून जास्त राज्यांत बेटिंग कायदेशीर आहे. टीव्हीवर, स्टेडियममध्ये, पॉडकास्टवर त्याच जाहिराती. एनसीएएने २०२३ मध्ये १८ ते २२ वयाच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा ५८ टक्क्यांनी कधी ना कधी कुठल्यातरी प्रकारे खेळांवर पैसे लावल्याचं सांगितलं. ज्या वसतिगृहात आजूबाजूचे सगळे मोबाइलवर बेट लावतायत, तिथल्या एकट्या खेळाडूला ‘तू नाही’ म्हणून सांगायचं! नियम बरोबर आहे असं मला वाटतं, पण तो पाळणं सोपं आहे असं म्हणणाऱ्याने एकदा बास्केटबॉलच्या मोसमात वसतिगृहात राहून बघावं.

खेळाडूंच्या शिक्षेचं गणित जून २०२३ मध्ये नव्याने मांडलं गेलं. स्वतःच्या सामन्यावर पैसे लावले किंवा निकाल फिरवायचा प्रयत्न केला, तर खेळण्याचा हक्क कायमचा जाऊ शकतो. आपल्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या संघावर लावले तरी अख्खा मोसम धोक्यात येईल, असं तेव्हा ठरलं. बाकीच्या बाबतीत रक्कम बघितली जाते: २०० डॉलरपर्यंत असेल तर सट्ट्याबद्दलचं प्रशिक्षण, त्यापुढे ५०० पर्यंत मोसमाचे दहा टक्के सामने बाहेर, ८०० पर्यंत वीस टक्के, त्यावर तीस टक्के किंवा अधिक. ही रक्कम सगळ्या बेट मिळून धरतात, एकेका बेटची नव्हे. पाच-पाच डॉलर लावत गेलेली मुलं त्यामुळेच गोत्यात येतात.

आता मूळ मुद्दा. पैसे न लावणं हा नियमाचा सोपा भाग आहे. ॲप उतरवायचंच नाही, विषय संपला. त्याच कलमात दुसरी गोष्ट लिहिली आहे: सट्टा लावणाऱ्याला माहिती पुरवायची नाही. तुमच्याआमच्यासारखे लोक अडकतात ते इथे, कारण बातमी आपल्याकडे नकळत येते. मी संख्याशास्त्र शिकवायचो. मंगळवारचा तास एखाद्या खेळाडूने एमआरआयसाठी रद्द केला, की त्याचा गुडघा दुखावलाय हे मला कळलेलं असायचं आणि बाहेर कुणालाच नाही. कुणाचं प्रशिक्षकाशी वाजलंय, कुणाचे मार्क इतके घसरलेत की पुढच्या महिन्यात एलिजिबिलिटी, म्हणजे खेळण्याचा हक्क, जाईल, हेही कळायचं. मार्कांबद्दल तर बोलायचंच नाही, विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा वेगळा कायदाच आहे. पण ‘आज तो आला नाही’ हे वाक्य कुणाला गुपित वाटतं?

ज्याला पैसे लावायचेत त्याला वाटतं. सामन्याआधी अशी बातमी हाती लागणं म्हणजे बोर्डाचा पेपर आदल्या रात्री हाती लागण्यासारखंच.

आमच्या अपार्टमेंटमध्ये हे रोजचंच होतं. आम्ही चौघं मराठी मुलं, त्यातल्या दोघांच्या फोनवर बेटिंगची ॲप्स. त्यांच्यावर काही बंदी नव्हती, ती बिचारी कंप्युटर सायन्सवाली.

“अरे, बास्केटबॉल संघातला तो पॉइंट गार्ड तुझ्याकडेच शिकायला येतो ना? शनिवारी खेळणार का रे?”

“विभागाच्या वेबसाइटवर येईल ते बघ.”

“एवढं काय त्यात? हो की नाही एवढंच सांग.”

“नाही सांगणार.”

सुरुवातीला ते चिडायचे, मग त्यांना त्याची गंमत वाटू लागली, शेवटी विचारायचे बंद झाले. नव्या माणसाला माझा सल्ला आहे की कारणं देत बसू नका. ‘मला माहीत नाही’ असं खोटंही सांगू नका. एकदा तुम्ही तसं म्हणालात आणि पुढच्या वेळी गप्प राहिलात, की त्या गप्प राहण्यातूनच समोरच्याला उत्तर मिळतं. प्रत्येक वेळी, अगदी सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीवरही, एकच उत्तर द्या. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हेच. सांगलीतला मामा सट्टा लावत नसेल, पण तुमचा मेसेज पुढे कुठे जाईल ते मामाच्याही हातात नसतं.

माहिती दिल्याने काय होतं, याचं ठळक उदाहरण अलाबामा विद्यापीठाचं आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी त्यांचा बेसबॉलचा सामना लुइझियाना स्टेटशी होता. अलाबामाचा पहिला पिचर, म्हणजे सुरुवातीला चेंडू टाकणारा खेळाडू, दुखापतीमुळे खेळणार नव्हता. ही गोष्ट प्रतिस्पर्धी संघाला कळण्याआधी प्रशिक्षक ब्रॅड बोहॅनन यांनी एका ओळखीच्या माणसाला मेसेजवर कळवली. तो माणूस सिनसिनाटीच्या बेसबॉल मैदानातल्या बेटिंगच्या काउंटरवर गेला आणि अलाबामाविरुद्ध एक लाख डॉलर लावायला निघाला. कॉलेज बेसबॉलवर एवढी रक्कम म्हटल्यावर काउंटरवाल्यांना संशय आला. त्यांनी पंधरा हजारांवर थांबवलं आणि प्रकरण वर कळवलं. आठवडाभरात बोहॅनन यांची नोकरी गेली. पुढच्या वर्षी एनसीएएने त्यांच्यावर १५ वर्षांचा ‘शो-कॉज’ आदेश काढला, म्हणजे त्या काळात त्यांना घेणाऱ्या कुठल्याही कॉलेजवर निर्बंध येतात. एवढं सगळं एका मेसेजवरून.

खेळाडूंच्या बाबतीत सगळ्यात घातक प्रकार प्रॉप बेटचा. संघ जिंकणार की हरणार यावर हे बेट नसतं. अमुक एक खेळाडू किती गुण करेल, किती रिबाउंड (नेम चुकून परत आलेले चेंडू) घेईल, यावर असतं. एकट्याने ठरवलं तरी ते साधतं, संघ जिंकला तरी साधतं, आणि स्वतःच्या मनालाही ‘मी कुठे संघाला हरवलं’ असं समजावता येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रेस्नो स्टेट आणि सॅन होजे स्टेटच्या तीन बास्केटबॉल खेळाडूंचा खेळण्याचा हक्क एनसीएएने कायमचा काढून घेतला. पूर्वी रूममेट असलेल्या दोघांनी आपसांत ठरवलं आणि त्यातला एक सामन्यात मुद्दाम कमी खेळला, असं तपासात निघालं. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर कॉलेज खेळाडूंवरचे प्रॉप बेट बंद करा म्हणून राज्यांच्या मागे लागले आहेत. ओहायो, मेरीलँड, लुइझियाना यांनी ते केलंही. बाकीची राज्यं करापोटी मिळणारे पैसे मोजतायत, असं माझं स्पष्ट मत.

‘कळणार कसं?’ हा प्रश्न प्रत्येक माहितीसत्रात कुणीतरी विचारतंच. फोन सांगतो. बेटिंगच्या ॲपला तुम्ही कुठल्या राज्यात आहात हे तपासावंच लागतं, त्यामुळे जागेची नोंद राहते. २०२३ मध्ये आयोवात तपास यंत्रणेने याच नोंदींवरून आयोवा आणि आयोवा स्टेट या दोन्ही विद्यापीठांचे खेळाडू शोधले. आईच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या नावावरचं खाते वापरल्याचे आरोप काहींवर झाले. काहींनी अल्पवयीन जुगाराचा गुन्हा कबूल करून दंड भरला. वॉरंटशिवाय माहिती मिळवली म्हणून मार्च २०२४ मध्ये काही खटले मागेही घेतले गेले, पण गेलेला मोसम काही परत आला नाही. आता तर प्रॉहिबेट नावाच्या सेवेतून बंदी असलेल्या लोकांची यादी सांकेतिक रूपात बेटिंग कंपन्यांच्या यादीशी ताडून बघता येते. तुमचं नावही त्या यादीत असू शकतं.

छोट्या गोष्टी पटकन सांगतो. मार्च मॅडनेसच्या, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी ऑफिसात सगळे ब्रॅकेट, म्हणजे कोण जिंकेल याच्या अंदाजांचा तक्ता, भरतात. प्रवेश फी नसेल तर भरा, पाच डॉलरची वर्गणी काढली असेल तर उठून जा. फी आणि बक्षीस असलेली फँटसी लीगही (खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ करून खेळायची स्पर्धा) सट्ट्यातच धरतात. क्रिकेटचं मात्र वेगळं आहे. एनसीएए क्रिकेटची स्पर्धा भरवत नाही, त्यामुळे १०.३ आयपीएलला लागत नाही. तरी हुरळून जाऊ नका, तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम त्याहून कडक असू शकतो, आणि भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंदच झाले आहेत.

पुण्या-मुंबईहून टेनिसच्या स्कॉलरशिपवर येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक वेगळी सूचना. मुलगा किंवा मुलगी आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) व्यावसायिक स्पर्धा खेळत असेल, तर त्यांना एनसीएएच्या जोडीला टेनिसचे भ्रष्टाचारविरोधी नियमही लागू होतात. त्यात टेनिसवर पैसे लावायला पूर्ण बंदी आहे, आणि कुणी पैशांचा प्रस्ताव दिला तर तो कळवणं बंधनकारक आहे. नकार दिला आणि गप्प बसलो, तरी तो गुन्हा ठरतो.

व्हिसाचं आपण विसरतो. अमेरिकी मित्राला दंड होतो, तो भरतो आणि विसरतो. आपल्याला अटक झाली, तर खटला उभा राहण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात जुगाराचे दोन गुन्हे सिद्ध झालेले असणं चारित्र्याच्या आड येतं, तसं कायद्यातच लिहिलंय.

आणि कुणी बातमी काढायला आलाच, तर त्याच दिवशी कंप्लायन्सला दोन ओळींचा ईमेल टाका. कोण, कधी, काय विचारलं. तक्रार केल्यासारखं वाटतं, पण त्यात तुमचाच बचाव आहे.

नियम बदलत राहतात, हेही लक्षात असू द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यावसायिक खेळांवर पैसे लावायची मुभा द्यायचं डिव्हिजन वनने, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटाने, ठरवलं होतं. ती अमलात येण्याआधीच नोव्हेंबरमध्ये सदस्य विद्यापीठांनी मतदान करून निर्णय रद्द केला. मधल्या काळात ‘आता चालतं’ असं ऐकलेली मुलं मला भेटली आहेत. त्यामुळे दर ऑगस्टच्या बैठकीत मिळणारा कागद नव्याने वाचा आणि शंका असेल तर कंप्लायन्सला ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी मिळतं.