मालवणच्या पाण्यात उतरण्याआधी: वाइड लेन्सची तयारी

बॅग भरण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. पाण्याखाली वाइड लेन्स लागते ती फ्रेममध्ये जास्त मावावं म्हणून नव्हे, तर विषयाच्या अगदी जवळ जाता यावं म्हणून. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी कित्येक दिवस चार-पाच मीटरच्या पुढचं दिसू देत नाही. मधलं पाणी आधी लाल रंग गिळतं, मग फोटोभर बारीक कण पेरतं. तेव्हा मधलं पाणीच कमी करायचं. एकच लेन्स न्यायची असेल तर माझं मत फिशआय या अतिरुंद लेन्सला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 180 अंश दिसतं आणि प्रवाळ वीतभर अंतरावर आलं तरी फोकस बसतो. कडा वाकतात हे खरं, पण प्रवाळाला कुठे सरळ रेषा असतात? सोबतचा डायव्हर मात्र मधोमध ठेवा. कडेला गेला की त्याचे हातपाय ताणले जातात. बुडालेलं जहाज टिपायचं असेल तर 16-35 मिलीमीटरसारखी, रेषा सरळ ठेवणारी लेन्स घ्या. तिला मोठा डोम (लेन्ससमोरची घुमटाकार काच) आणि एफ 11च्या आसपास अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) लागतं, नाहीतर कोपरे पुसट होतात.

लेन्स ठरली की पोर्ट, म्हणजे हाउसिंगची (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीची) लेन्ससमोरची काच. सपाट पोर्टमागे पाण्याच्या 1.33 अपवर्तनांकामुळे 24 मिलीमीटरची लेन्स जवळपास 32ची होऊन बसते, म्हणजे दिसणारा कोन अरुंद होतो. डोम लावला की कोन परत मिळतो, पण डोम स्वतःच पाण्यात भिंगासारखा वागतो: दूरचा किल्ल्याएवढा खडकही लेन्सला काचेपुढे साधारण तीन त्रिज्यांवर दिसतो. अर्धगोल 8 इंची डोमची त्रिज्या 10 सेंटीमीटर, म्हणजे फोकस काचेपासून फूटभरावर. छोट्या 4 इंची डोमला तर त्याच्या निम्म्यावर. म्हणून लेन्स किती जवळचं फोकस करते ते विकत किंवा भाड्याने घेण्याआधी बघाच. हा आकडा सेन्सरपासून मोजलेला असतो हेही ध्यानात ठेवा. तुमच्या लेन्सला कोणता डोम आणि किती लांबीची एक्स्टेन्शन रिंग (पोर्ट पुढे सरकवणारी कडी) हे हाउसिंगवाल्यांच्या तक्त्यात असतं. अंदाजाने रिंग लावू नका.

छोट्या कॅमेऱ्यावर बाहेरून बसणारी वेट लेन्स असेल, तर पाण्यात शिरल्यावर ती एकदा काढून परत लावा. मध्ये अडकलेले बुडबुडे निघून जातात. दोन फ्लॅश आणि ते धरणारे लांब दांडे, म्हणजे आर्म घ्या. फ्लॅश डोमच्या मागच्या रेषेत, बाजूला पसरून ठेवायचे, नाहीतर 180 अंशांत तेच दिसतात.

ओ-रिंगला, म्हणजे हाउसिंगची फट पाणीबंद करणाऱ्या रबरी कडीला, मात्र वेळ द्या. एकदा माझ्या रिंगवर एक केस राहिला होता. डोळ्यांना दिसला नाही, बोट फिरवल्यावर लागला. तेव्हापासून रिंग काढून उजेडात बोटांमधून पूर्ण फिरवतो, खाच कापसाच्या काडीने पुसतो आणि ग्रीस चमकण्यापुरतंच लावतो. मग कॅमेरा न घालता, आत टिशूपेपर ठेवून हाउसिंग बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. टिशू कोरडा निघाला की कॅमेरा आत. हे सगळं आदल्या रात्री खोलीतच उरका, म्हणजे सकाळी हलत्या होडीत खाऱ्या, वाळूभरल्या हातांनी हाउसिंग उघडावं लागणार नाही.