वेस माँटगोमेरीसारखं वाजवायचंय? या चुका टाळा

"सर, वेससारखं वाजवायला किती महिने लागतील?" असं विचारणारा एक तरी मुलगा दर जूनमध्ये माझ्याकडे येतो. हीच पहिली चूक. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा हा जॅझ गिटारवादक विशीच्या आसपास गिटारकडे वळला. आधीच्या पिढीतला जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन, त्याचे सोलो त्याने रेकॉर्डवरून कानाने उचलले. १९४८ ते ५० लायोनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर हिंडला, मग घरी परतून दिवसा नोकरी आणि रात्री क्लब. रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने पहिल्यांदा रेकॉर्ड केलं ते १९५९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. महिने मोजणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

दुसरी चूक ऑक्टेव्हची, आणि ही माझी दुखरी नस आहे. एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजवायचा, म्हणजे सहावी (सगळ्यात जाड) आणि चौथी तार दाबायची आणि मधली पाचवी मुकी ठेवायची. मुलं दाबतात व्यवस्थित, मुकी ठेवत नाहीत. एका विद्यार्थ्याची पाचवी सारखी मध्येच बोंब मारायची. "तर्जनी झोपव," मी सांगून थकलो. त्याला कोथरूडच्या एका सोसायटीत गणपतीत वाजवायचं होतं. पठ्ठ्याने पाचवी तारच काढून टाकली! पहिल्या चार ओळी इतक्या स्वच्छ गेल्या की मीही मान डोलावली. मग चाल वर चढली, हात सवयीने पाचवी-तिसरीच्या जोडीवर गेला आणि बोट थेट लाकडावर. पुढच्या रांगेतल्या काकूंना वाटलं, स्पीकर गेला.

तर्जनीचं टोक सहाव्या तारेवर, पेराचा मांसल भाग पाचवीला नुसता टेकलेला. करंगळी दोन फ्रेट (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) पुढे चौथीवर, तीही जरा आडवी, म्हणजे उरलेल्या तारा गप्प राहतात. आता अंगठा सहाही तारांवरून ओढा. दोनच स्वर यायला हवेत, बाकी नुसतं 'थप'. मी हे रोज सकाळी अँप (अँप्लिफायर) न लावता करतो. चौथी-दुसरी आणि तिसरी-पहिलीला अंतर तीन फ्रेटचं असतं. हे विसरणाऱ्यांची मोजदाद मी सोडून दिली आहे.

वेस तारा अंगठ्याने छेडायचा; पिक (तारा छेडायची पातळ चकती) घेऊन तो मऊपणा शोधू नका. रात्रीच्या रियाजाचा आवाज होतो म्हणून वेस अंगठ्यावर आला, असं सांगतात. सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढल्यामुळे मला ते लगेच पटलं. आमच्या खालचे आजोबा दहा वाजता काठीने छत ठोकायचे.

त्या आवाजासाठी पेडल (आवाज बदलणारं, पायाने चालवायचं यंत्र) विकत घेऊ नका. जाड फ्लॅटवाउंड (वरून गुळगुळीत गुंडाळलेल्या) तारा लावा, टोनचा नॉब उतरवा.

सोलो ऑक्टेव्हने उघडू नका. वेस बरेचदा आधी एकेरी स्वर, मग ऑक्टेव्ह, शेवटी कॉर्ड (अनेक स्वर एकदम) असा चढायचा. विलंबित टाळून थेट तराण्याला हात घालणाऱ्याला आपण काय म्हणतो?

आणि १९६७ पासूनच्या, वाद्यवृंदातल्या गुळगुळीत रेकॉर्ड ऐकून त्याच्याबद्दल मत बनवू नका. जून १९६८ मध्ये तो गेला, अवघ्या पंचेचाळिशीत. मला स्वतःला त्या रेकॉर्ड फारशा रुचत नाहीत, पण त्यांतही पाचवी तार चुकून कुठे बोललेली मला अजून सापडलेली नाही.