लिनक्सवर जाताय? या चुका टाळा, मग मला फोन करा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्याबरोबर माझे रविवारही संपले. पाच-सात वर्षं नीट चाललेला लॅपटॉप एका दिवसात 'जुना' ठरला, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेल असेल तर प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा. मग कुणीतरी व्हिडिओ बघतो, 'विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाका, फुकट आहे, पळतं', आणि रात्री अकराला पेनड्राइव्ह खुपसून बसतो. साडेअकराला मला फोन. अहो, घरगुती विंडोज १० ला नोंदणी केली की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. एवढी कसली घाई?

मी स्वतः बारा-तेरा वर्षं लिनक्सवर आहे. सध्या लिनक्सचा मिंट हा प्रकार, त्यातलं सिनॅमन हे रूप, आणि ब्राउझर फायरफॉक्स. बायको विंडोजवर खूश आहे, तिला मी कधी छेडलं नाही. ज्याची त्याची आवड. आवड दुसऱ्याची आणि हार्डडिस्क आपली, असं झालं की मात्र घोटाळा होतो.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे लिनक्स टाकताना इन्स्टॉलर देतो त्या 'इरेज डिस्क' पर्यायाने फक्त सी ड्राइव्ह पुसला जातो हा समज. आपल्याकडे दुकानदार लॅपटॉप देतानाच सी, डी, ई असे भाग पाडून देतो. विंडोज बिघडलं की तोच 'फॉरमॅट मारून' देतो आणि डी जसाच्या तसा राहतो. त्यामुळे डी म्हणजे तिजोरी, हे डोक्यात पक्कं बसलंय. पण डी ही वेगळी डिस्क नव्हे, एकाच वावरात घातलेला बांध आहे. इन्स्टॉलर 'इरेज डिस्क' म्हणतो तेव्हा तो अख्खं वावर नांगरतो, बांधासकट.

आमच्या दाजींनी हेच केलं. रात्री पावणेबाराला फोन. "आरं, लई भारी दिसतंय हे. पण डी कुठाय?"

"दाजी, कुठला पर्याय निवडला?"

"ज्यात जास्त काही विचारत नव्हतं त्यो."

डीमध्ये भाचीच्या बारशापासूनचे सात वर्षांचे फोटो होते. म्हटलं, दाजी, आत्ताच्या आत्ता बंद करा, त्यावर काहीही सेव्ह करू नका, उद्या घेऊन या. नशीब एवढंच की डिस्क जुनी, फिरणारी होती. एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, असती तर ट्रिम नावाच्या सोयीने ती पुसलेली जागा आपणहून साफ करून टाकते, आणि मग हात जोडण्याशिवाय काही उरत नाही.

डिस्क काढून माझ्या मशीनला लावली. हरवलेले भाग शोधणाऱ्या टेस्टडिस्कला जुन्या डीचा माग लागला, पण आतली यादी उघडेना. मग पुसलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक. रात्रभर चाललं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. हे फाइलची नावं परत आणत नाही, फोल्डर तर नाहीच. फोटोची सुरुवात कुठे दिसते ते डिस्कभर चाचपत जातं आणि जे हाती लागेल त्याला 'एफ' आणि पुढे आकडे असं नाव देतं. बारसं, व्हॉट्सॲपवरची सुप्रभातची फुलं, वेबसाइटवरची टिकलीएवढी चित्रं, सगळं एका ढिगात. कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात लिहून ठेवलेली तारीख तेवढी शिल्लक असते. तिच्यावरून लावत बसलो. तीन रविवार गेले. व्हिडिओ निम्मे तुटलेलेच निघाले; बारशात नाव ठेवायची वेळ येते आणि चित्र गोठतं.

तेव्हापासून माझी सवय अशी: डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा, दोन-चार फाइली उघडून बघायच्या आणि ती डिस्क उपसून कपाटात ठेवायची. जोडलेली ठेवून घाईत तीच पुसणारे बहाद्दरही मी पाहिलेत. जुन्या लॅपटॉपात तर मी आहे ती डिस्क काढूनच ठेवतो आणि नव्या एसएसडीवर लिनक्स टाकतो. नाही आवडलं तर चार स्क्रू फिरवले की जुनं घर परत. वेगही त्या एसएसडीनेच येतो. श्रेय मात्र सगळे लिनक्सला देतात. आणि 'कॉम्प्युटर फास्ट करा' म्हणणारी क्लीनर सॉफ्टवेअर टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

बाकीचं पटापट सांगतो. लिनक्स सुरू करण्यासाठी पेनड्राइव्ह बूटेबल करताना त्यातलंही सगळं जातं. विंडोजसोबत लिनक्स ठेवणार असाल तर आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घ्या, कागदावर. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. नेटवर सापडलेली कमांड न वाचता चिकटवू नका. पेनड्राइव्हवरूनच दोन दिवस चालवून वायफाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. झेरॉक्सच्या प्रत्येक दुकानात दिसणारा एक पांढरट लेझर प्रिंटर आहे, त्याने माझी एक अख्खी दिवाळी खाल्लीय.

दुसरी मोठी चूक मी केलेली आहे, म्हणून जास्त बोचते. नवा मुसलमान मोठ्याने बांग देतो म्हणतात, तसा मी तेव्हा लिनक्सचा प्रचार करत फिरायचो. आमच्याकडे एक प्रेसवाले काका होते. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, कार्यअहवाल अशी कामं. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमुळे त्यांचं मशीन सारखं व्हायरसने भरायचं. मी म्हटलं, काका, लिनक्स टाकू, कटकटच नको. तुळशीचं लग्न झालेलं, पत्रिकांची गर्दी सुरू. काकांनी गेल्या वर्षीची पत्रिका उघडली, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं.

कारण साधं होतं. छपाईच्या जुन्या डीटीपी फाँटांत मराठी अक्षर नसतंच. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि फाँट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. फाँट नसला की मुखवटा गळतो. फाँटच्या फाइली आणून टाकल्यावर मजकूर दिसायला लागला आणि मी विजयी मुद्रेने चहा मागवला. मग काका टाइप करायला बसले. त्यांचा की-बोर्ड त्या डीटीपी सॉफ्टवेअरचा, ते चालणार फक्त विंडोजवर, तेही डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावून. मी म्हटलं, युनिकोड, म्हणजे खरी मराठी अक्षरं साठवणारी पद्धत, वापरा, त्यासाठी इनस्क्रिप्ट की-बोर्ड शिका, महिन्याभरात जमेल. काका म्हणाले, "अरे, माझी बोटं आंधळी केलीस तू."

मग कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये नेला. बहुतेक बरोबर आला, पण 'वऱ्हाडी मंडळी'तला 'ऱ्ह' जिथं तिथं मोडला. लग्नपत्रिकेत वऱ्हाड मोडून कसं चालेल? तिसऱ्या दिवशी मुकाट्याने विंडोज परत टाकून दिलं. पैसे मागायची हिंमत झाली नाही.

आता कुणी विचारलं तर मी आधी आठ दिवसांची यादी मागतो. वहीत लिहा, दिवसभरात काय काय उघडलं. यादीत नुसता ब्राउझर, गाणी आणि चार पत्रं असतील तर बिनधास्त या. टॅली, मॅक्रो भरलेल्या एक्सेलच्या फाइली किंवा जुने मराठी फाँट असतील तर विंडोज राहू द्या. शंभरातले पाचजण यादी आणतात. बाकीच्यांना 'कुठलं लिनक्स सगळ्यात भारी' एवढंच हवं असतं.

ब्राउझरची गंमत वेगळी. एखादी साइट क्रोमवर अडली की लोक एज उघडतात, मग ब्रेव्ह, मग ऑपेरा. चारही क्रोमियम नावाच्या एकाच पायावर बांधलेले. भांडी चार, आमटी एकच. खरंच वेगळं इंजिन तपासायचं तर फायरफॉक्स. मी रोज फायरफॉक्स वापरतो आणि हट्टी साइटींसाठी एक क्रोमियम बाजूला ठेवतो. फायरफॉक्सचा सिंक, म्हणजे बुकमार्क-पासवर्ड सगळ्या मशीनवर सारखे ठेवणारी सोय, हा बॅकअप मात्र नव्हे. खात्याचा पासवर्ड विसरून तो रीसेट केला आणि रिकव्हरी की नसली, तर सर्व्हरवरचा साठा जातो, कारण त्याचं कुलूप त्या पासवर्डनेच बनलेलं असतं.

सगळ्याच साइटी 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणायला लागल्या तर ब्राउझर बदलण्याआधी घड्याळ बघा. तारीख चुकली की साइटचं ओळखपत्र, म्हणजे सर्टिफिकेट, मुदतीबाहेरचं वाटतं. दर वेळी बंद करून उघडल्यावर तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. आणि दोन्ही सिस्टिम ठेवल्यावर वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल, तर सेल चांगला आहे. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ धरतं, विंडोज भारतीय. दोघांपैकी एकाला समजवा. मी लिनक्सला समजावतो, ते ऐकतं.

एकच साइट अडत असेल तर ती आधी प्रायव्हेट विंडोत उघडा. तिथं चालली तर बहुधा दोष ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेंशनचा किंवा साचलेल्या कुकींचा. परवा सोसायटीतल्या एका मुलाकडे एकवीस एक्स्टेंशन निघाली, त्यात जाहिराती अडवणारी तीन.

"कुठलं ठेवू?"

"युब्लॉक ओरिजिन. पण ते आता क्रोमवर चालत नाही, तेव्हा फायरफॉक्स घे."

"काका, तुम्ही शेवटी फायरफॉक्सवरच येता."

येतो.