लडाखला जाताय? मग मार्मोट असे बघा

पँगाँग तलावाच्या रस्त्यावर मार्मोट (खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी) दिसला की काय होतं ते माहितीये ना, गाडी थांबते, बिस्किटाचा पुडा निघतो, तो दोन पायांवर उभा राहतो, सेल्फी झाला की मंडळी पुढे. खूप वाईट वाटतं बघून. थोडा वेळ काढलात तर याहून कितीतरी भारी बघायला मिळतं.

आधी सीझन. हिमालयन मार्मोट हिवाळाभर अख्ख्या कुटुंबासकट बिळात झोपून असतो, त्यामुळे जानेवारीत गोठलेल्या नदीवरच्या चादर ट्रेकला गेलात तर विसरा. जून ते सप्टेंबर बेस्ट, आणि सकाळची किंवा चार नंतरची उन्हं. चांग ला ही खिंड उतरल्यावर पँगाँगच्या वाटेवर दिसतातच, पण ते माणसांना सोकावलेत, खरी वस्ती बघायची तर त्सो मोरीरी तलाव नाहीतर हानले गावाकडे जा, ओढ्याकाठची हिरवळ शोधा. हे सगळं चार हजार मीटरच्या वर आहे, तेव्हा आधी लेहमध्ये दोन दिवस आराम कराच.

गाडी रस्त्यावरच ठेवा, ड्रायव्हर दादांना आधीच सांगा की कुरणात घालू नका, खाली बिळांचं जाळं असतं. बिळाच्या तोंडाशी ताजी उकरलेली माती आणि लेंड्या दिसल्या की समजायचं घर वापरात आहे. मग लांबच बसा, उभं राहू नका, दुर्बीण काढा आणि गप्प. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. नंतर एक डोकं वर येतं, नुसते डोळे आणि कान, मग हळूहळू अख्खा प्राणी, चांगला मांजरापेक्षा मोठा, आणि मग पिल्लं एकमेकांना ढकलत कुस्ती खेळायला लागतात.

तीक्ष्ण शिट्टी ऐकू आली तर ती धोक्याची हाक असते. आधी वर बघा, गरुड असू शकतो, कोल्हा किंवा लांडगाही असेल. यातलं काहीच नसेल तर धोका तुम्हीच आहात, मागे सरका. आपण तिथून लांब जात नाही तोवर ते चरायचे थांबतात, आणि हिवाळ्यात काही खात नाहीत म्हणून सगळी चरबी याच उन्हाळ्याच्या महिन्यांत साठवायची असते.

खायला अजिबात घालू नका, रस्त्यावर यायची सवय लागते आणि गाड्या, भटकी कुत्री त्यांना सोडत नाहीत. हातही लावू नका, तिबेटच्या पठारावर याच जातीपासून माणसांना प्लेग झालाय.

कारगिलकडून सुरू व्हॅलीत जाणार असाल तर तिथला मार्मोट वेगळा, जास्त सोनेरी आणि शेपूट लांब. बघायची पद्धत मात्र हीच.