‘उधळपट्टी’ हा शब्द नेमका कसा वापरावा

‘उधळपट्टी’ म्हटले की खर्चावर ठपका आलाच. एवढे ध्यानात ठेवले की हा शब्द कुठे शोभतो आणि कुठे अंगाशी येतो, ते बरेचसे आपोआप कळते. ५ लाखांची शस्त्रक्रिया ही उधळपट्टी नव्हे. पण पाहुणा गळ्यातून काढून लगेच बाजूला ठेवणार, असा ५ हजारांचा हार ही नक्कीच उधळपट्टी. खर्च गरजेपलीकडचा आहे आणि तो करताना हिशेबाचे भान सुटले आहे, असे बोलणाऱ्याला म्हणायचे असते. म्हणूनच हा शब्द माणूस स्वतःच्या खर्चाला सहसा लावत नाही. स्वतःची ती हौस, आणि हौसेला मोल नसते!

मुळात क्रियापद आहे ‘उधळणे’. ते सकर्मकही आहे आणि अकर्मकही. गुलाल उधळला, पैसे उधळले, सभा उधळली, या वाक्यांत कोणीतरी काहीतरी उधळतो. बैल उधळला किंवा बेत उधळला, यात तसे कोणी नाही. पैशाच्या अर्थाने वापरताना कर्म सोडू नका. ‘त्याने लग्नात उधळले’ हे वाक्य लंगडे आहे. ‘पैसे उधळले’ असेच हवे.

इथेच सर्वांत जास्त होणारी चूक येते. ‘उधळण’ आणि ‘उधळपट्टी’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जेजुरीला भंडाऱ्याची उधळण होते, जोतिबाच्या डोंगरावर गुलालाची. निवेदक रंगांची, सुरांची, स्तुतिसुमनांची उधळण करतात. त्यात मुबलकता आहे, आनंद आहे, दोष नाही. ‘संस्थेने गरजू विद्यार्थ्यांवर मदतीची उधळपट्टी केली’ असे लिहिले, तर कौतुक करता करता आरोप होतो. तिथे ‘मुक्तहस्ताने मदत केली’ म्हणावे. उलट घोटाळाही होतो. ‘निधीची उधळण’ अशा मथळ्यातून लेखक खूश आहे की चिडलेला, हे वाचकाला कळत नाही.

व्याकरण सोपे आहे, तरी तीन जागी पाय घसरतो. शब्द स्त्रीलिंगी आहे: चाललेली उधळपट्टी, उधळपट्टीला आळा, उधळपट्टीवर टीका. ‘उधळपट्ट्या’ हे अनेकवचन होते, पण कानाला खटकते. त्यापेक्षा ‘दोन ठिकाणी उधळपट्टी झाली’ बरे. लिहिताना ‘ध’चा ‘द’ होऊ देऊ नका, ‘ट्ट’ जोडाक्षर आहे आणि शेवटची वेलांटी दीर्घ. सोबत येणारा शब्दही तपासा. ‘पैश्यांची’ चुकीचे, ‘पैशांची’ बरोबर. घसा-घशाचा, ससा-सशाचा, तसेच पैसा-पैशाचा.

विभक्ती मात्र जपून. ‘नगरपालिकेची उधळपट्टी’ म्हणजे नगरपालिकेने केलेली. ‘नगरपालिकेच्या निधीची उधळपट्टी’ म्हणजे निधी तिचा, उधळणारा कदाचित दुसराच. करणारा आणि पैशाचा मालक वेगळे असतील तर दोघांनाही वाक्यात आणा: ‘समितीने सभासदांच्या पैशांची उधळपट्टी केली.’ खर्च कशावर झाला ते ‘-वर’ने दाखवा (रोषणाईवर उधळपट्टी), प्रसंग ‘-त’ने (लग्नात उधळपट्टी). ‘-साठी’ शक्यतो नको. ते शब्दयोगी अव्यय हेतू दाखवते, आणि हेतू सांगितला की ठपक्याची धार बोथट होते.

‘अनावश्यक उधळपट्टी’ हा प्रयोग सर्रास दिसतो. आवश्यक उधळपट्टी कुठे असते? ते विशेषण काढून टाका. प्रमाण दाखवायचे असेल तर ‘बेसुमार’ किंवा ‘वारेमाप’ चालेल. ‘बेहिशेबी’ मात्र नको. बेहिशेबी मालमत्ता म्हणजे जिचा हिशेब देता येत नाही ती. तो निराळाच आरोप आहे.

आता शेजारचे शब्द. अन्न फुकट गेले तर ‘नासाडी’. यात दोष माणसाचाच असतो असे नाही. अवकाळी पावसानेही पिकाची नासाडी होते. वेळेचा ‘अपव्यय’ होतो, ‘वेळेची उधळपट्टी’ ओढूनताणून आणल्यासारखे वाटते. पाणी आणि वीज यांना दोन्ही शब्द चालतात, फक्त अपव्यय पुल्लिंगी आणि कागदोपत्री ढंगाचा. ‘चैन’ म्हणजे सुखासीनपणा, तो स्वतःच्या कमाईवर असेल तर कोणी नाव ठेवत नाही. ‘चंगळ’ त्याहून मोकळी, जिभेची किंवा पोराबाळांची. ‘चंगळवाद’ म्हटले की पुन्हा टीका आली. ‘खैरात’ फुकट वाटण्याची; निवडणुकीतल्या आश्वासनांना हाच शब्द नेमका बसतो. ‘दौलतजादा’ हा तमाशाच्या फडातला शब्द, लावणीवर खूश होऊन प्रेक्षकाने दिलेल्या पैशांचा. कंत्राटदारावर झालेल्या खर्चाला तो लावला तर टोमणा म्हणून खपतो, सरळ बातमीत नाही.

माणसाला काय म्हणावे? ‘उधळा’ हे विकारी विशेषण: उधळा मुलगा, उधळी मुलगी. ‘उधळ्या’ हे बोलण्यातले नाम: ‘भारी उधळ्या आहे तो.’ स्वभावाला ‘उधळेपणा’. घरात लोक नुसते ‘पैसे उडवतो’ म्हणतात, पण त्यावरून ‘उडवाउडवी’ करू नका, ती उत्तरांची असते. विरुद्ध बाजूला ‘काटकसर’ हा चांगला शब्द आणि ‘कंजुषी’, ‘कद्रूपणा’ हे वाईट. उधळपट्टीला पर्याय सुचवताना काटकसरच लिहावे.

सर्वांत जास्त काळजी तक्रारअर्जात घ्यावी लागते. उधळपट्टी हे मत आहे, तर अपहार हा गुन्ह्याचा आरोप. सोपवलेला पैसा अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणे हा फौजदारीपात्र न्यासभंग, भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६. पुरावा नसताना ‘अपहार’ लिहिलेत तर बदनामीचे कलम ३५६ तुमच्याच दाराशी येऊ शकते. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि हिशेबावर बोलण्याची जागा तीच. तिथे ‘समितीची उधळपट्टी चालू आहे’ एवढेच लिहिले तर उत्तर येते, ‘खर्च गरजेचा होता.’ आधी आकडे द्या, शब्द शेवटी: ‘रंगकामासाठी तीन दरपत्रके मागवली नाहीत. मंजूर रक्कम ४ लाख असताना देयक ६ लाख ५० हजारांचे आहे. वाढीव कामाचा ठराव इतिवृत्तात नाही. ही सभासदांच्या पैशांची उधळपट्टी आहे.’ अशा अर्जात हा शब्द एकदाच यावा. दुसऱ्यांदा आला की वाचणारा आकडे सोडून तुमचा राग मोजू लागतो.

बोलताना म्हणींची मदत घेता येते, पण प्रत्येकीचा रोख वेगळा. मूळ वस्तूपेक्षा तामझाम महाग झाला तर ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’. कर्ज काढून थाट केला तर ‘ऋण काढून सण’. ऐपत ओलांडू नये असे आधीच सुचवायचे असेल तर ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’. खर्च झाल्यावर ही म्हण ऐकवली तर ती नुसती जखमेवर मीठ. सरकारी खर्चाला मात्र यातली पहिलीच लावावी. बाकीच्या दोन घरखर्चाच्या आहेत.